आधारग्रंथांची सूचि

प्रबंध पुरा होत आला म्हणजे विद्यार्थ्याच्या घरीं एक ठराविक दृश्य दिसूं लागतें. मेजावर पुस्तकांच्या चळती, त्यांत खोंवलेले कागदाचे कपटे, आणि मुदत उद्यांवर आलेली. मुख्य मजकूर लिहून झालेला असतो. राहिलेली असते ती आधारग्रंथांची सूचि. ‘ती काय, घटकाभरांत होईल,’ असें म्हणून जें काम शेवटावर ढकललेलें असतें, तेंच सारी रात्र खातें. एका उताऱ्याचें पान सांपडत नाहीं, दुसऱ्या ग्रंथाची आवृत्ति आठवत नाहीं, आणि तिसरा ग्रंथ तर ग्रंथालयांत परत गेलेला असतो.

ही सूचि म्हणजे निव्वळ शिष्टाचार नव्हे. आधार दाखवून केलेलें प्रत्येक विधान वाचकाला एक वचन देत असतें : शंका असल्यास मूळ पाहून घ्यावें. त्या मुळापर्यंत नेणारा रस्ता म्हणजे सूचि. म्हणून नोंदींत कर्ता, ग्रंथनाम, आवृत्ति, प्रकाशक आणि वर्ष हीं अंगें यावीं. लेख असल्यास नियतकालिकाचें नांव, खंड, अंक व पृष्ठें द्यावीं. आवृत्ति चुकली कीं पृष्ठांक चुकतो, आणि पृष्ठांक चुकला कीं प्रामाणिक लेखकावरहि उगाच संशय येतो.

मजकुरांत कंसामध्यें कर्त्याचें आडनांव व वर्ष देऊन पूर्ण नोंद शेवटीं द्यावयाची, या आज रूढ असलेल्या पद्धतीचा उगम एडवर्ड लॉरेन्स मार्क या हार्वर्डच्या प्राणिशास्त्रज्ञाकडे दाखवितात. १८८१ सालीं एका गोगलगायीसारख्या प्राण्यावर लिहिलेल्या प्रबंधांत त्यानें ती योजिली. पुढें १९०६ मध्यें शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयानें आपली नियमावलि छापली, आणि १९२९ मध्यें अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संस्थेची पहिली नियमावलि अवघ्या सात पानांत प्रसिद्ध झाली. यांपैकीं श्रेष्ठ कोणती, हा वाद निष्फळ आहे. विद्यापीठानें वा नियतकालिकानें जी सांगितली असेल ती घ्यावी, आणि पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत तीच पाळावी.

मराठी ग्रंथांच्या बाबतींत मात्र कांहीं अडचणी खास आपल्या आहेत. पहिली कालगणनेची. जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर पुष्कळदां केवळ शक असतो. शकांत ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. परंतु जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. म्हणून महिना ठाऊक नसतां ‘शके १८२०’ याची नोंद १८९८-९९ अशीच करणें सुरक्षित होय.

दुसरी अडचण नांवांची. १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नांवानें निघाला. या लेखिका म्हणजे बाळूताई खरे. विवाहानंतर त्याच मालतीबाई बेडेकर झाल्या. सूचिकारानें हीं तीन नांवें तीन ठिकाणीं सुटीं टाकलीं, तर एकाच लेखिकेची कामगिरी तिघींत वांटली जाईल आणि कोणाचीच पुरी दिसणार नाहीं. म्हणून ग्रंथावर छापलेलें नांव मुख्य ठेवावें, दुसरीं नांवें कंसांत द्यावीं, आणि त्या त्या वर्णाखालीं ‘पाहा’ अशी खूण करून वाचकाला मूळ नोंदीकडे वळवावें.

सटीप सूचि हा याच्या पुढचा टप्पा. तिची परंपरा जुनी आहे. झुरिच येथील वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ कॉनराड गेस्नर यानें १५४५ सालीं लॅटिन, ग्रीक व हिब्रू ग्रंथांची विशाल सूचि छापली; तिच्यांत अनेक ग्रंथांचा सारांश व त्यांवरील अभिप्रायहि त्यानें दिले. आजच्या विद्यार्थ्यानें प्रत्येक नोंदीखालीं तीन-चार वाक्यें लिहावीं : ग्रंथाचें प्रतिपाद्य काय, तें कोणत्या पुराव्यावर उभें आहे, तो पुरावा कोठें तोकडा पडतो, आणि प्रस्तुत प्रबंधाला त्याचा उपयोग काय. ‘ग्रंथ अत्यंत उपयुक्त आहे’ या वाक्यानें यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. शिवाय अशी टीप न वाचलेल्या ग्रंथावर लिहितां येत नाहीं. लिहिलीच, तर जाणकारास तें लगेच कळतें. सूचि फुगविण्याच्या मोहाला यासारखा दुसरा उतारा नाहीं.

उपाय अगदीं साधा आहे. उतारा टिपतांनाच, ग्रंथ हातांत असतांना, त्याची पूर्ण नोंद वेगळ्या पत्रिकेवर करावी. संकेतस्थळावरील मजकूर असेल तर तो पाहिल्याची तारीखहि लिहावी, कारण तो उद्यां बदलूं शकतो. हल्लीं संगणक नोंदींची मांडणी आपोआप करून देतो. पण चुकीचें वर्ष दिलें तर तेंहि तो तितक्याच नेटकेपणें मांडतो. पडताळा हें माणसाचेंच काम राहतें.

शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची सूचि रचली. असल्या कामांत वाहवा थोडी आणि कष्ट फार. पण दुसऱ्याची वाट वांचावी म्हणून कोणीतरी ते उपसलेले असतात. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर विद्यार्थी जी दहा-वीस नांवें लिहितो, तीं नीट लिहिलीं तर तोहि आपल्यापुरतें तेंच काम करीत असतो.