अठराव्या दिवशीचा घास

कोंबडीच्या पिल्लाचं पहिलं खाणं कवच फुटल्यावर, असं आपण धरून चालतो. पण त्याच्या काही दिवस आधीपासूनच ते चोचीनं भोवतालचं गर्भजल गिळू लागतं. अंड्यातलं उरलंसुरलं पांढरं तोवर त्यात मिसळलेलं असतं, म्हणजे ते पेजच पितं. हिब्रू विद्यापीठातल्या झेहावा उनी आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातले पीटर फर्केट यांनी नेमकं हेच हेरलं. पिल्लू पिणारच आहे, तर त्या पेजेतच काही सकस घालावं. या युक्तीला २००३ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं.

सुई आयतीच होती. कोंबड्यांना होणाऱ्या मॅरेक्स रोगाची लस उबवणीच्या अठराव्या दिवशी अंड्यातच टोचता येते, हे शर्मा आणि बर्मेस्टर यांनी १९८२ मध्ये दाखवलं होतं. पुढं दहा वर्षांनी एम्ब्रेक्स कंपनीची यंत्रं हॅचऱ्यांत बसली. उबवणीच्या सेटरमधली अंडी पिल्लं फुटण्याच्या हॅचरमध्ये हलवताना ट्रे यंत्राखाली जातो. अंड्याच्या रुंद टोकाला इवलंसं भोक पडतं, सुई हवेची पोकळी ओलांडून गर्भजलात उतरते, मात्रा सोडते आणि वर येऊन जंतुनाशकानं धुतली जाते. तासाला हजारो अंडी अशी पार होतात. लसीची मात्रा ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम थेंब. खुराक मात्र अर्धा ते एक मिलिलिटर.

खुराकाची गरज का, तर बाहेर पडणं हे फार कष्टाचं काम. शेवटच्या दिवसांत कवचातून येणारा प्राणवायू पुरेनासा होतो, त्यामुळं बलकातली चरबी हवी तशी जाळता येत नाही. मग यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन खर्ची पडतं, आणि ते संपलं की पिल्लू स्वतःच्या छातीचे स्नायू मोडून साखर बनवतं. ब्रॉयलर विकला जातो तो छातीच्या मांसावर, आणि झीज तिथूनच सुरू! शिवाय सगळी पिल्लं एका वेळी फुटत नाहीत. आधी बाहेर आलेलं पिल्लू मागच्यांची वाट पाहतं. मग निवड, मोजणी, ट्रकचा प्रवास. शेडमधला पहिला दाणा मिळेपर्यंत कधी दोन दिवसही उलटतात. तोवर आधार पोटात ओढून घेतलेल्या बलकाचा. म्हणून गर्भजलात माल्टोज, डेक्स्ट्रिन, अमिनो आम्लं सोडून पाहतात. आतड्याचे अंकुर लवकर वाढतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण पाक घट्ट झाला तर तो पिल्लाच्याच अंगातलं पाणी ओढतो आणि फुटण्याचं प्रमाण घसरतं. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेतही अमिनो आम्लांवर असे प्रयोग झाले आहेत.

प्रोबायोटिक्सची, म्हणजे आतड्याला उपकारक जिवाणूंची, गोष्ट अधिक गुंतागुंतीची. खुडूक कोंबडीखाली फुटलेली पिल्लं तिच्यामागं उकिरडा टोचत हिंडतात आणि आईच्या आतड्यातले जिवाणू त्यांना फुकट मिळतात. यंत्रातल्या पिल्लाला आईच भेटत नाही. फिनलंडमध्ये नुर्मी आणि रंताला यांनी १९७३ मध्ये मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज पिल्लांना पाजला. ती साल्मोनेलाला पुरून उरली. युरोपात २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालायला बंदी आली, तेव्हा अशा उपायांची किंमत आणखी वाढली. मग लॅक्टोबॅसिलस अंड्यातच का सोडू नये?

कारण ते जिवंत असतात. साडेसदतीस अंशांची ऊब आणि सकस गर्भजल म्हणजे त्यांना मेजवानीच. जात चुकली किंवा मात्रा जास्त झाली, तर गर्भच दगावतो. दुसरी अडचण मला जास्त बोचते. कवचाला भोक पडलं की बुरशी-जंतूंना वाट मिळते, म्हणून अनेक ठिकाणी लसीत प्रतिजैविक मिसळायची चाल पडली. त्याच सुईतून मित्र-जिवाणू पाठवायचे, तर ते वाटेतच मरायचे.

पोलंडमधल्या बिडगोश्चच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. जिवाणू नकोच, त्यांचं खाद्य असलेली इन्युलिनसारखी शर्करा बाराव्या दिवशी हवेच्या पोकळीत सोडायची. ती झिरपत आत जाते आणि पिल्लाच्या पोटात आपसूक येणाऱ्या चांगल्या जिवाणूंना पोसते. मला ही वाट जास्त शहाणपणाची वाटते. हॅचरीवाल्याला मात्र ती अवघड जाते. अठराव्या दिवशी अंडी तशीही बाहेर निघतात. बाराव्या दिवशी ती मुद्दाम काढावी लागतात.