उपचार-मार्गदर्शक तत्त्वांची जडणघडण : रायगडमधील विंचूदंशाच्या संदर्भात

विशिष्ट आजारात रुग्ण व चिकित्सक यांना योग्य निर्णय घेता यावा यासाठी पद्धतशीरपणे तयार केलेली विधाने, अशी उपचार-मार्गदर्शक तत्त्वांची व्याख्या अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९० मध्ये केली. अशी तत्त्वे सामान्यतः मोठ्या रुग्णालयांतील तज्ज्ञांच्या समित्या ठरवितात. तथापि ज्या आजाराचे रुग्ण त्या रुग्णालयांपर्यंत पोहोचतच नाहीत, त्याविषयीचा पुरावा कोठून यावा, हा प्रश्न उरतोच.

कोकणच्या जांभ्या जमिनीत लाल विंचू विपुल आढळतो. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, त्या काळी गंभीर दंशाचे सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. त्यांत मुलांची संख्या मोठी असे. रुग्णांच्या उशाशी बसून केलेल्या नोंदींतून वांती, भरपूर घाम व थंड पडलेले हातपाय ही धोक्याची पूर्वलक्षणे निश्चित झाली आणि १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. ती ओळखण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. मार्गदर्शक तत्त्वाची पहिली पायरी अशीच असावी लागते. अन्यथा ते कागदावरच राहते.

विषामुळे मज्जातंतूंतील सोडियम-मार्ग उघडे राहतात, शरीरात अॅड्रेनॅलिनसदृश द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व अखेर फुप्फुसांत पाणी साचते. हे आकुंचन रोखणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध बावस्कर दांपत्याने वापरले. त्याविषयीचा लेख १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला. पुढे मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले.

येथे चिकित्सक वाचकाने थांबावयास हवे. पूर्वीच्या व नंतरच्या रुग्णांची तुलना हा कठोर कसोटीवर दुबळा पुरावा होय. कारण रस्ते, वाहने व जागरूकता याही काळानुसार बदलतात. पण औषधाचा गुण डोळ्यांसमोर दिसत असताना अर्ध्या रुग्णांना त्यापासून वंचित ठेवणे नीतीला धरून झाले नसते. म्हणूनच २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाडच्या यादृच्छिक चाचणीत ७० पैकी सर्व रुग्णांना प्राझोसिन मिळाले व निम्म्यांना त्याखेरीज प्रतिविष. दहा तासांत प्रतिविष-गटातील ३५ पैकी ३२, तर दुसऱ्या गटातील ८ रुग्ण लक्षणमुक्त झाले. निकष लवकर बरे होण्याचा होता, मृत्यूचा नव्हे. त्यामुळे प्रतिविष हाताशी नसलेल्या केंद्रात केवळ प्राझोसिनवर विसंबणे या निष्कर्षाने चुकीचे ठरत नाही.

शल्यचिकित्सेत ही वाट अधिक बिकट आहे, कारण तेथे शल्यविशारदाचे हस्तकौशल्यही निष्पत्तीत मिसळते. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे निर्जंतुक कापड वापरले व त्याचा बहुकेंद्रीय अहवाल २००३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'मध्ये दिला. युगांडातील यादृच्छिक चाचणीने तशाच स्वस्त जाळीला दुजोरा दिला तो २०१६ मध्ये. परंतु मच्छरदाणीचे प्रत्येक कापड सारखे नसते. पॉलिथिलीनचा धागा अधिक तापमानास टिकत नाही. तेव्हा शिफारस लिहिताना 'स्वस्त जाळी चालेल' एवढ्यावर न थांबता धाग्याचा प्रकार व निर्जंतुकीकरणाचे तापमान नमूद करणे अपरिहार्य ठरते.