उतरलेलं पाणी आणि उणे चिन्ह

उपआज्ञांचा विषय आज येणार होता. तो एक आठवडा थांबेल, कारण येलदरीच्या एका वाचकांचा प्रश्न पूर्ण लेखांकाच्या तोलाचा आहे.

ते धरणाच्या रोजच्या पातळीची नोंद ठेवतात. स्क्रिप्ट पायथनची, आज्ञेच्या ओळीतले पर्याय वाचणाऱ्या आपल्या आर्गपार्सवर उभी. कालच्यापेक्षा पाणी किती मीटर चढलं-उतरलं ते '--बदल' पुढे लिहायचं आणि विजेचे कोणते संच चालू होते ते -१, -२, -३ या पर्यायांनी सांगायचं. येलदरीला साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत, म्हणून ही मांडणी. पूर्णा नदीला पाणी येत होतं तोवर स्क्रिप्ट बिनबोभाट चालली. पुढे रब्बीचं आवर्तन सुरू झालं, पाणी खाली सिद्धेश्वर धरणाकडे निघालं, पातळी उतरली. मग '--बदल -०.१५' लिहिताच तक्रार आली: '--बदल'ला एक किंमत हवी, ती मिळाली नाही.

त्यांचा संशय देवनागरी अंकांवर होता. अंक निर्दोष आहेत. पायथन ३ '-०.१५' ही अक्षरं सरळ दशांश संख्येत बदलतं, आणि आर्गपार्स ऋण संख्या ओळखताना देवनागरी अंकही अंकच मानतं.

खरी गोष्ट अशी की ओळीतला शब्द उणे चिन्हाने सुरू झाला, तर तो पर्याय की किंमत, हे आर्गपार्सला ठरवावं लागतं. त्यासाठी ते तुम्ही जाहीर केलेले पर्याय पाहतं. त्यांत संख्येसारखा दिसणारा एकही नसेल, तर -०.१५ ही संख्या. एक जरी असला, तरी उणे चिन्हाने सुरू होणारी प्रत्येक संख्या पर्यायच समजली जाते, मग ती यादीत असो वा नसो. मला हा नियम रास्त वाटतो. लहान पर्याय एकमेकांना जोडून लिहिता येतात; तेव्हा '-१२' म्हणजे पहिला आणि दुसरा संच, की उणे बारा? अंदाजाने चुकीची नोंद करण्यापेक्षा अडून बसलेलं बरं.

पर्याय वाचणारं बॅशचं गेटऑप्ट्स इथे वेगळं वागतं. पर्यायाला किंमत हवी असं सांगितलं असेल, तर पुढचा शब्द कसाही असो, ते उचलतं. त्यामुळे ऋण संख्या सुखरूप जाते. पण किंमत लिहायची राहिली, तर पुढचा पर्यायच किंमत म्हणून गिळला जातो.

तातडीचा उपाय म्हणजे बरोबरचं चिन्ह: '--बदल=-०.१५'. चिकटून आलेली किंमत किंमतच राहते. पण कायमचा इलाज संचांकडे आहे. '--संच १ २' असा एकच पर्याय करा आणि -१, -२, -३ काढून टाका. मग '--बदल -०.१५' जसंच्या तसं चालेल. ज्या स्क्रिप्टमध्ये कधीतरी ऋण संख्या येणार, तिथे पर्यायांना अंकांचं नाव देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये असे अंकी पर्याय असतील, तर आजच एक ऋण किंमत देऊन पाहा. उपआज्ञा पुढच्या आठवड्यात.