कलिंगड आणि फेटा चीजचं गारेगार सॅलड

ग्रीसमध्ये उन्हाळ्यात कलिंगडाच्या फोडींसोबत फेटा चीज खातात. गोडाबरोबर खारट? आपणही कलिंगडावर मीठ भुरभुरतोच की! चिमूटभर मिठाने गोडवा खुलतो. इथे ते काम चीज करतं.

फेटा मुख्यतः मेंढीच्या दुधाचं. शेळीचं दूध फार तर ३० टक्के चालतं. किमान दोन महिने मुरवतात, तेही मिठाच्या पाण्यात, म्हणून ती आंबट-खारट चव. २००२ पासून युरोपीय संघात हे नाव फक्त ग्रीसमधल्या ठरावीक भागांतल्या चीजलाच लावता येतं.

कलिंगड आधी फ्रिजमध्ये गार करा. इंचभराच्या फोडी करून बिया काढा आणि चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. ही पायरी अजिबात गाळू नका, नाहीतर ताटलीत पाणीच पाणी होतं. मग हाताने तोडलेला पुदिना, लिंबाचा रस, चमचाभर ऑलिव्ह तेल, मिरपूड. फेटा अगदी शेवटी, मोठे तुकडे राहतील असं कुस्करा. पांढऱ्या तुकड्यांच्या कडा गुलाबी व्हायला लागल्या की लगेच खायला घ्या. वरून मीठ नको.

फेटा नसेल तर घरचं मऊ पनीर रात्रभर मिठाच्या पाण्यात, फ्रिजमध्ये ठेवा. चव वेगळी, पण मला मनापासून आवडते. आणि निथळलेला रस फेकू नका, लिंबू पिळून पिऊन टाका!