कडेकडेनं पळणारी वीज

तुमच्या पेन्सिलीचं काळं टोक ग्राफाइटचं असतं. ग्राफाइट म्हणजे कार्बनचे पापुद्रे, एकावर एक रचलेले. मिलिमीटरभर जाडीत जवळजवळ तीस लाख! २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कोस्त्या नोव्होसेलोव्ह यांनी ते सोलत सोलत एकाच अणूएवढा जाड थर सुटा केला. कशानं? साध्या चिकटपट्टीनं! त्या थराचं नाव ग्राफीन. दोघांना २०१० साली नोबेल मिळालं.

असा थर खूप थंड करून जबरदस्त चुंबकात ठेवला आणि वीज सोडली, तर ती मधून जातच नाही. जाते ती फक्त कडेनं. असं का?

कोकणातल्या गागोदे बुद्रुकच्या एखाद्या ओसरीवर जाळी गुंडाळून भोवरा सोडा. मोकळ्यात तो जागच्या जागी गरगरतो. भिंतीला टेकला, की भिंत घासत सरकू लागतो, तोही एकाच बाजूला. जाळी उलटी गुंडाळा, म्हणजे दिशाही उलटी. चुंबकात इलेक्ट्रॉन असेच गोल फिरतात. मधले घिरट्या घालत बसतात. कडेच्यांचा गोल मात्र पुरा होत नाही. ते कडेवर आपटतात, उसळतात, पुन्हा आपटतात आणि पुढे जातात. वाटेत एखादा भलताच अणू आडवा आला, तरी वळसा घालून पुढेच. मागे फिरणार कुठून? परतीची वाट पार समोरच्या कडेला!

याची खूण आधी दिसली ती सिलिकॉनमध्ये. फेब्रुवारी १९८० मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला क्लाउस फॉन क्लिट्झिंग आडवा रोध, म्हणजे विजेच्या वाटेला काटकोनात मोजलेला रोध, मोजत होते. तो चक्क पायऱ्यापायऱ्यांनी बदलत होता. २५,८१२.८०७ ओहमला पूर्ण संख्येनं भागा, की पायरी मिळते. तुकडा कितीही ओबडधोबड असो, आकडा तोच. म्हणून मोठमोठ्या प्रयोगशाळा आज ओहमचं माप यावरूनच पारखतात. गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांना गणिताचं वेड होतं. त्यांना ही भागाकाराची गंमत भारी आवडली असती, असं आपलं मला वाटतं.

आपल्याकडेही मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट ग्राफीनसारख्या थरांवरच प्रयोग करतो.

आणि चुंबक नसेल तर? २००७ साली जर्मनीत वुर्झबर्गला पारा आणि टेल्युरियमच्या पातळ थरात तेही जमलं. तिथे एकाच कडेवरून काही इलेक्ट्रॉन इकडे जातात, काही तिकडे. जाणाऱ्या-येणाऱ्यांची फिरकी (स्पिन) एकमेकांच्या उलट असते, त्यामुळे साधा अडथळा आला तरी कुणी मागे वळत नाही.