हा ‘टू’ म्हणजे ‘कडे’

नोकरीचा अर्ज नेटका असतो, स्पेलिंग तपासलेली असतात आणि नेमकी शेवटची ओळ घसरते: ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू.’ हवं ‘टू मीटिंग यू’. हे बहुतेकांना पाठ करायला लावतात, कारण सांगत नाहीत. मराठी माणसाला तर ते चटकन पटावं.

शाळेत ‘टू गो’ म्हणजे जाणे, ‘टू ईट’ म्हणजे खाणे असं घोकलेलं असतं. त्यामुळे ‘टू’ दिसला की पुढे मूळ क्रियापद आपोआप येतं. इथला ‘टू’ मात्र आपल्या ‘कडे’सारखा आहे. आपण ‘तुमच्या येण्याकडे डोळे लावून बसलोय’ म्हणतो. ‘येकडे’ कुणी म्हणत नाही. आधी क्रियापदाचं नाम करावं लागतं. मराठीत ते काम ‘णे’ करतो, इंग्रजीत ‘इंग’. शंका आली तर ‘टू’च्या पुढचं सगळं काढून तिथे ‘इट’ ठेवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ बरोबर बसतं. ‘आय होप टू इट’ बसत नाही, म्हणून तिथे ‘होप टू मीट’च.

‘लुकिंग फॉरवर्ड फॉर युअर रिप्लाय’ हेही सर्रास दिसतं. वाट पाहणे म्हणजे ‘वेट फॉर’ हे डोक्यात पक्कं असल्यामुळे तो ‘फॉर’ इथे शिरतो.

व्याकरणापेक्षा अर्थाची चूक जास्त महागात पडते. ‘लुक फॉरवर्ड टू’मध्ये आनंद आहे, आणि गोष्ट घडणार हे गृहीत आहे. म्हणून ‘ही नोकरी मिळण्याची वाट पाहतोय’ या अर्थी तो अर्जात वापरला, तर निवड झाल्यासारखंच वाटतं; तिथे ‘होप’ बरा. मुलाखतीची तारीख ठरली, की तो खुशाल वापरावा. नुसता अंदाज सांगायचा असेल, पाऊस येईल किंवा गाडी उशिरा येईल, तर ‘एक्स्पेक्ट’. दात काढायला जायचं असेल तर आधी ‘नॉट’ लावावा, इंग्रज तसंच बोलतो. पत्राच्या शेवटी ‘आय लुक’ औपचारिक, ‘आय अ‍ॅम लुकिंग’ जरा घरगुती.

हाच ‘कडे’वाला ‘टू’ आणखी एका ठिकाणी भेटतो. ‘आय युज्ड टू ट्रॅव्हल बाय लोकल’ म्हणजे पूर्वी लोकलने जायचो, आता नाही. ‘आय अ‍ॅम युज्ड टू ट्रॅव्हलिंग बाय लोकल’ म्हणजे लोकलची सवय आहे; ‘कडे’वाला ‘टू’ तो हा. मुलाखतीत दोन्हींचा घोळ झाला, तर समोरच्याला उलटंच कळेल.