त्वचेतील ओलावा आणि बाटलीतील द्रव

बीडहून सोलापूरकडे निघालेला महामार्ग बालाघाटाच्या डोंगरांकडे चढू लागण्यापूर्वी ज्या पाली गावावरून जातो, तेथे बिंदुसरा नदीवर धरण आहे; परंतु धरणाचे सान्निध्य लाभले म्हणून त्या मुलखाच्या हवेतील रुक्षता हटते असे मुळीच नाही, आणि चैत्र लागला की तेथील ऊन माणसाच्या कातडीवर आपला अंमल कसा बसवते, हे मराठवाड्याच्या रहिवाशाला निराळे सांगावयास नको. अशा या गावापर्यंतही आता मोबाईलच्या पडद्यावरून ‘हायल्युरोनिक ॲसिड’ हे नाव येऊन पोहोचले आहे, आणि चिमुकल्या बाटलीतील त्या निर्वर्ण द्रवाचे चार थेंब वार्धक्याला थोपवून धरतात, अशी ग्वाही जाहिराती रोज देत असतात. माझे मत आरंभीच नमूद करून ठेवतो: हा पदार्थ गुणी आहे, त्याच्या वतीने चाललेली वकिली मात्र कलमागणिक तपासून घ्यावी लागते.

1934 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर या संशोधकांनी गाईबैलांच्या डोळ्यांतील पारदर्शक, बुळबुळीत गरातून हा पदार्थ प्रथम पृथक् केला. शर्करेपासून बनलेले दोन घटक एकाआड एक याप्रमाणे हजारो वेळा गुंफले जाऊन त्याचा प्रचंड रेणू सिद्ध होतो, आणि नावात ॲसिड असले तरी त्याने अंगाची आग होण्याचे काही कारण नाही. त्याचा पहिला व्यापारी उपयोग सौंदर्याशी सुतराम संबंध नसलेला होता. 1942 साली एन्द्रे बालाझ या हंगेरियन शास्त्रज्ञाने बेकरीच्या पदार्थांत अंड्याच्या पांढऱ्या बलकाऐवजी तो वापरता यावा म्हणून पेटंटासाठी अर्ज केला होता. पुढे याच बालाझ यांच्या प्रयत्नांतून, 1980 च्या सुमारास, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या नाजूक पडद्यांना धक्का लागू नये म्हणून हा गर वापरात आला, आणि त्यानंतर झिजलेल्या गुडघ्यांसाठी त्याची इंजेक्शनेही निघाली. त्या काळी तो मुख्यत्वे कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढीत. घरातील माळकरी मंडळींनी मात्र एवढ्यावरून बाटली दूर सारण्याची गरज नाही, कारण आजचा बहुतेक माल सूक्ष्म जंतूंकडून किण्वनाने तयार करून घेतलेला असतो. वेष्टनावर त्याची नोंद पुष्कळदा ‘सोडियम हायल्युरोनेट’ अशी आढळते.

आपल्या देहात हा पदार्थ जन्मापासून आहेच. साधारण सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात तो सुमारे 15 ग्रॅम असतो, त्यातील जवळजवळ निम्मा त्वचेत असतो, आणि नवलाची गोष्ट अशी की एकूण साठ्यापैकी सुमारे एकतृतीयांश भाग दररोज मोडून पुन्हा नव्याने घडविला जातो. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजनच्या तंतूंमधील पोकळी तो पाण्याने फुगलेल्या गरासारखा भरून काढतो. लहान मुलाच्या गालाला जी मऊ, भरीव उभारी असते तिच्यात या गराचा वाटा मोठा आहे. वय वाढते तसे त्वचेतील त्याचे प्रमाण व त्याची रचना बदलत जाते, तंतूही विरळ होतात, कातडी पातळ पडते आणि सुरकुत्या उमटतात. येथवरचा वृत्तांत निर्विवाद आहे, आणि नेमका याच वृत्तांताचा आधार घेऊन विक्रेता पुढचे पाऊल टाकतो: जे आत कमी झाले ते बाहेरून लावून भरून काढा.

परंतु त्वचेचे मूळ कामच बाहेरच्या वस्तूला आत येण्यास मज्जाव करणे हे आहे. तिच्या सर्वांत वरच्या मृत पेशींच्या थराची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या हिश्शाइतकीच असली तरी त्याचा पहारा मोठा कडक असतो. ज्या रेणूचे वजन पाचशे डाल्टनांहून अधिक आहे, त्याला तेथून सहसा वाट मिळत नाही, असा एक ढोबळ नियम त्वचाशास्त्रात मानला जातो. हायल्युरोनिक ॲसिडचा अखंड रेणू लक्षावधी डाल्टनांचा. त्याचे तुकडे करून ‘हलके’ म्हणून विकले जाणारे रेणूदेखील बहुधा हजारोंच्या घरातील. म्हणून चेहऱ्यावर चोळलेला हा पदार्थ आतल्या कोठारात जमा होत नाही. धरणाच्या भिंतीवर घागरभर पाणी ओतल्याने जलाशयाची पातळी वाढावी, अशी अपेक्षा जितकी रास्त तितकीच ही. वर राहून तो जे करतो ते मात्र खरे आहे: एक पातळ, ओलसर लेप धरतो, वरचा थर पाण्याने किंचित फुगतो, कोरडेपणामुळे दिसणाऱ्या बारीक रेषा बुजतात, त्वचा मऊ लागते. हा परिणाम मोजता येतो; तो टिकतो मात्र लेप असेपर्यंत. एक ग्रॅम पदार्थ सहा लिटर पाणी धरतो ही जी ख्याती सर्वत्र सांगितली जाते, तिचे मूळ विरल द्रावणात तो पसरट रेणू किती जागा व्यापतो या गणितात आहे. चैत्रातल्या कोरड्या हवेतून तो हजारपट पाणी ओढून आणील असा तिचा अर्थ नव्हे. म्हणूनच तोंड धुतल्यावर ओल्या त्वचेवर तो लावावा आणि वर तेलकट मलमाचा हात फिरवावा, ही त्याच्या वापराची शहाणी रीत.

आता पालीच्या उन्हाकडे वळू. सुरकुत्यांचा सगळा दोष वयाच्या माथी मारण्याचा आपला शिरस्ता आहे, वास्तविक उघड्या त्वचेच्या जीर्णतेतील फार मोठा वाटा सूर्याचा असतो. अतिनील किरणांतील ‘अ’ प्रकारचे किरण खोल थरापर्यंत उतरतात, तेथे कोलॅजन तोडणारी विकरे उद्दीपित करतात, आणि हे वर्षानुवर्षे चालले म्हणजे कातडी जाड, चरबरीत व खोल रेषांची होते. सदऱ्याखाली झाकलेल्या दंडाची आणि उघड्या मानेची त्वचा ताडून पाहिली की एकाच देहाची दोन वये दिसतात. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणारी जोडपी, ज्यांना त्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते, पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांत उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उघड्यावर राबतात. त्या बायका लुगड्यावर पुरुषी, पूर्ण बाह्यांचा सदरा चढवितात व डोके-कान कापडाने बांधून घेतात, ते उसाच्या धारदार पाचटापासून बचाव म्हणून. तथापि त्वचाशास्त्राच्या दृष्टीने वार्धक्याविरुद्धचा त्याहून खात्रीचा उपाय कोणत्याही बाटलीत नाही. ज्यांना झेपेल त्यांनी उघड्या भागाला सनस्क्रीन लावावे. त्याचा खर्च सीरमच्या आधी करावा, नंतर नव्हे.

ओलाव्यासाठीही स्वस्त पर्याय आहेत, आणि त्यांच्याविषयी जाहिरातदार मूग गिळून बसतात यात आश्चर्य नाही. कोणत्याही मेडिकलच्या फळीवर मिळणारे ग्लिसरीन घ्या: त्याचा रेणू अवघ्या 92 डाल्टनांचा असल्याने तो वरच्या थरात खरोखरच शिरतो आणि तेथे पाणी धरतो. आपल्या आज्या गुलाबपाण्यात ग्लिसरीन मिसळून हिवाळ्यात फुटलेल्या गालांना लावीत, त्यामागे पुरेसे शास्त्र होते. दुसरी वस्तू तर मराठवाड्याच्या रानातलीच. रब्बीतल्या करडईचे तेल लिनोलेइक आम्लाने समृद्ध असते, आणि त्वचेच्या पहाऱ्याच्या थरातील स्निग्ध भिंत बांधण्यास शरीराला हेच आम्ल लागते. ज्या करडईचे क्षेत्र सोयाबीनपुढे आक्रसत गेले, तिच्या तेलाला परदेशी मलमांच्या घटकसूचीत मानाने बसलेले पाहिले की मौज वाटते.

राहता राहिला इंजेक्शनाचा मार्ग, जेथे पहारा सुईने ओलांडला जातो. डिसेंबर 2003 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या पदार्थाच्या पहिल्या भरण-गराला मान्यता दिली. रासायनिक बंधांनी घट्ट केलेला हा गर सुरकुतीखाली सोडला की खाच भरून येते, आणि कित्येक महिने तशी राहते. पण येथे कायद्याची हद्दच बदलते. आपल्याकडील औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 यातील व्याख्येप्रमाणे सौंदर्यप्रसाधन म्हणजे अंगाला चोळावयाची, ओतावयाची, शिंपडावयाची, शरीरात घालावयाची वा अन्य रीतीने लावावयाची वस्तू. इंजेक्शनाने टोचावयाची वस्तू मात्र सौंदर्यप्रसाधन मानली जात नाही, सबब ब्यूटी पार्लरला या कामाची मुभा असू शकत नाही. याच अधिनियमाखालील 1945 च्या नियमांची ‘जे’ अनुसूची तर तारुण्य पुन्हा मिळवून देण्याचा दावा औषधालाही करू देत नाही. हा गर चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्वचेचा तुकडा मरू शकतो, क्वचित दृष्टीही जाते; तो विरघळविणारे हायल्युरोनिडेज नावाचे विकर उपलब्ध आहे, पण ते तातडीने द्यावे लागते. तेव्हा पालीहून बीडला किंवा छत्रपती संभाजीनगरला या कामासाठी जाणाऱ्याने फीची घासाघीस करण्यापूर्वी समोरची व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ अथवा प्लास्टिक सर्जन आहे काय, आणि ते विकर दवाखान्यात त्या घटकेला ठेवलेले आहे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी घ्यावीत.